सहावं बोट, ग्रहणाचा दोष आणि हाताच्या कोंबातला एक कोपरा

रानजाई | १० जानेवारी २०२६, रात्री ९:५०

डिसेंबरच्या मध्यावर माझ्या भावाला मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं खणखणीत, डोक्यावर भरपूर जावळ. उजव्या हाताला अंगठ्याला लागून आणखी एक अंगठा, त्याला छोटंसं नखही. नर्सने बाळ दाखवायला आणलं तेव्हा आईची नजर आधी त्या हातावर गेली आणि ती वहिनीसमोरच म्हणाली, "तरी सांगत होते, वेध लागल्यावर विळी धरू नकोस."

७ सप्टेंबरच्या चंद्रग्रहणाची ही गोष्ट. रविवार होता, वहिनीला सहावा महिना. दुपारनंतर वेध होते आणि तिने रात्रीच्या जेवणासाठी दुधी चिरला होता. एवढंच. पण आईच्या त्या वाक्यापासून वहिनी गप्प झालीये. बारशाला तिने बाळाचा उजवा हात सबंध वेळ दुपट्यात ठेवला. काल मला एकटीला गाठून विचारलं, "ताई, खरंच माझ्यामुळे झालं का हो?"

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिला 'नाही' म्हटलं, पण नुसतं 'नाही' तिला पुरेना. मग कशामुळे, हे तिला हवं होतं. तेव्हापासून जुनी पुस्तकं आणि नवे शोधनिबंध काढून बसलेय. जे कळलं ते लिहिते, जाणकारांनी चुकलं तिथे दुरुस्त करावं.

आधी कॅलेंडर. वहिनीची शेवटची पाळी मार्चच्या मध्यावर, म्हणजे गर्भ राहिला मार्चअखेर. गर्भ साधारण २६ दिवसांचा झाला की धडाच्या कडेला हाताचा कोंब दिसू लागतो, वल्ह्याच्या पात्यासारखा चपटा. सहाव्या आठवड्यात त्यात बोटांच्या रेघा उमटतात आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटं सुटी होतात. म्हणजे आमच्या बाळाची बोटं मे महिना संपायच्या आत घडून गेली होती. ग्रहण लागलं सप्टेंबरात. विळीवर दुधी चिरला जात होता तेव्हा त्या जादा अंगठ्याने नखसुद्धा धरलं होतं.

आता बोटं किती आणि कुठली, हे ठरतं कसं. हाताच्या कोंबात करंगळीच्या बाजूला पेशींचा एक लहान पुंजका असतो. १९६८ साली जॉन सॉन्डर्स आणि मेरी गॅसलिंग यांनी अंड्यातल्या कोंबडीच्या पिलाचा हा पुंजका उचलला आणि पंखाच्या कोंबात समोरच्या कडेला नेऊन लावला. कोंबडीच्या पंखात तीन बोटं असतात. या पिलाला ती दुहेरी आली, आणि मध्ये आरसा उभा केल्यासारखी. म्हणजे कुठल्या जागी कुठलं बोट, हे त्या पुंजक्याकडून येणारा काहीतरी निरोप सांगतो. तो निरोप म्हणजे नेमकं काय, ते कळायला १९९३ साल उजाडलं. हार्वर्डमध्ये क्लिफ टॅबिन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की ते एक प्रथिन आहे, आणि ते ज्या जनुकापासून बनतं त्याचं नाव सॉनिक हेजहॉग.

मी वहिनीला असं सांगितलं: देवघरात उदबत्ती लावली की देवघरात वास दाट, माजघरात कमी, पडवीत जेमतेम. पेशीला जेवढा वास येतो त्यावरून ती ओळखते की आपण उदबत्तीपासून किती लांब आहोत. दाट वास, बराच वेळ, तिथे करंगळी. वास पोचतच नाही, तिथे अंगठा.

आणि आता ज्या गोष्टीने मी स्वतः थक्क झाले ती. हे जनुक आपल्या सातव्या गुणसूत्रावर आहे. पण हातात ते कधी आणि कुठे चालू करायचं हे ठरवणारं बटण त्याच्या शेजारी नाही. ते डीएनएची जवळजवळ १० लाख अक्षरं दूर आहे, भलत्याच एका जनुकाच्या पोटात. एडिंबरोच्या संशोधकांनी २००३ मध्ये ते नक्की केलं. लांबी सुमारे ८०० अक्षरं. काही घराण्यांत त्यातलं फक्त एक अक्षर बदललेलं असतं. जनुक शाबूत, प्रथिन शाबूत, फक्त बटणात एक अक्षर वेगळं. तेवढ्याने कोंबाच्या अंगठ्याकडच्या कडेलाही, जिथे वास पोचायलाच नको तिथे, दुसरी उदबत्ती लागते. मग त्या बाजूला जादा बोट येतं.

अमेरिकेत की वेस्ट बेटावर अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या घरात सहा-सहा बोटांची मांजरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यातही याच बटणात एका अक्षराचा फरक सापडला.

आमच्या बाळाची रक्ततपासणी अजून झालेली नाही, तेव्हा तिच्यात हेच कारण आहे असं मी म्हणत नाही. पण कारण शोधायचं तर ते या पानांवर शोधायचं, विळीवर नाही, एवढं मला वहिनीला ठामपणे सांगता आलं पाहिजे.

सोनकी | १० जानेवारी, रात्री १०:२२

वाचतेय. उदबत्तीचं उदाहरण आठवीच्या वर्गात वापरेन. बाळाचं अभिनंदन, ते राहून जायला नको!

सदाशिव_मास्तर | १० जानेवारी, रात्री ११:१५

रानजाईताई, लेख नीट उतरला आहे. मी पस्तीस वर्षं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणून थोडी भर घालतो.

तुम्ही एका बोटाची गोष्ट सांगितलीत. ज्या शोधांच्या खांद्यावर ती उभी आहे ते शोध केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांत लागले. शरीराचा एक भाग दुसऱ्या भागाच्या रूपात उगवतो, या प्रकाराला विल्यम बेटसन यांनी १८९४ मध्ये नाव दिलं. १९१५ मध्ये न्यूयॉर्कला मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत कॅल्विन ब्रिजेस यांना एक विचित्र चिलट सापडलं. चिलटाला पंखांची एकच जोडी असते. मागच्या खंडावर पंखांऐवजी गदेसारखी दोन बारीक इंद्रियं असतात, उडताना तोल सांभाळायला. या चिलटात ती इंद्रियं पंखाच्या रूपाकडे झुकली होती. पुढे कॅलिफोर्नियात एड लुईस यांनी त्याच भागातली उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बदल, एकत्र आणून पूर्ण चार पंखांचं चिलट तयार केलं. बारकाईने बघा: नवीन काहीच निर्माण झालं नव्हतं. छातीच्या तिसऱ्या खंडाला आपण दुसरे आहोत असं वाटलं, एवढंच.

लुईस यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं त्या एका जनुकसमूहावर घालवली आणि १९७८ मध्ये सगळा हिशेब मांडला. गुणसूत्रावर ही जनुकं ज्या क्रमाने ओळीत बसलेली आहेत, त्याच क्रमाने ती डोक्यापासून शेपटापर्यंत कामाला लागतात. हा निष्कर्ष वर्गात सांगताना दर वर्षी माझा आवाज थोडा बदलायचा. मुलांच्या ते लक्षात यायचं.

मग १९८० मध्ये क्रिस्टियान न्यूसलाइन-फोल्हार्ड आणि एरिक व्हीशाउस यांनी हायडेलबर्गला हजारो उत्परिवर्तनं तपासून अळीच्या शरीराचे खंड पाडणारी जनुकं वेगळी काढली. त्यातल्या एकात बिघाड झाला की अळीचं अंग काट्यांनी भरून जायचं, म्हणून त्याला काटेरी अंगाच्या प्राण्यावरून हेजहॉग नाव दिलं. तुमच्या भाचीच्या हाताशी संबंध असलेलं जनुक या चिलटातल्या जनुकाचंच भावंड. त्याच्या नावातलं सॉनिक एका व्हिडिओ गेममधून आलं. लुईस, न्यूसलाइन-फोल्हार्ड आणि व्हीशाउस या तिघांना १९९५ चं नोबेल मिळालं.

१९८३-८४ मध्ये बाझेलला वॉल्टर गेरिंग यांच्याकडे आणि त्याच सुमारास इंडियाना विद्यापीठात दिसलं की या जनुकांत १८० अक्षरांचा एक तुकडा जवळजवळ सारखा आहे. तोच तुकडा मग बेडकात, उंदरात, माणसात सापडला. आपल्यात अशी ३९ हॉक्स जनुकं आहेत, चार वेगवेगळ्या गुणसूत्रांवर चार ओळींत. मानेचे मणके सात, मग फासळ्यांचे बारा, हा क्रम तीच राखतात.

ठिपक्यांची रांगोळी काढताना आधी ठिपके पडतात, मग रेघा. ठिपके घालताना एक रांग जास्त पडली की पुढे हात कितीही कसलेला असो, फूल वेगळं येणारच. मी हे असंच शिकवत असे.

सदाशिव_मास्तर | १० जानेवारी, रात्री ११:३१

एक सांगायचं राहिलं. अंड्याला खिडकी पाडून आतलं पिलू घडताना बघायची परंपरा पुण्यात जुनी आहे. पुणे विद्यापीठात लीला मुळहेरकर बाई एडिंबरोला वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आल्या आणि इथे कोंबडीच्या गर्भावर काम उभं केलं. चिलटाच्या त्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियांवर प्रा. एल. एस. शशिधर यांच्या गटाने पुण्याच्या आयसरमध्ये अनेक वर्षं काम केलं: एका हॉक्स जनुकाच्या हुकमाने पंखाचं असं लहान इंद्रिय होतं कसं, यावर. म्हणजे हे सगळं फक्त लांब परदेशात घडलेलं नाही.

पशुवैद्य_सांगोला | ११ जानेवारी, सकाळी ७:०५

मास्तरांनी हेजहॉगचं नाव काढलं म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी एका वाडीवर शेळी व्याली. करडाला कपाळाच्या मधोमध एकच डोळा, नाकाच्या जागी वर एक मांसाचा कोंब. तासाभरात गेलं बिचारं. तोवर शंभरेक माणसं जमली होती. निम्मी हळदकुंकू घेऊन, निम्मी घाबरून. मालकाला म्हणत होते, शेळी विकून टाक, घराला पीडा आहे.

मी त्याला अमेरिकेतली आयडाहोची गोष्ट सांगितली. गेल्या शतकाच्या मध्याला तिथल्या मेंढ्यांच्या कळपांत अशीच एकडोळी कोकरं निघत होती. मेंढपाळांना वाटे रक्तातच काही वाईट आलंय, आणि रक्ताला बट्टा लागेल म्हणून ते कोणापाशी बोलत नसत. कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं माग काढला. सापडलं ते डोंगरी कुरणातलं एक झुडूप, कॉर्न लिली. मेंढीने गाभण राहिल्यापासून चौदाव्या दिवसाच्या आसपास ते खाल्लं, तर कोकरू एकडोळं. आठवडाभर आधी किंवा नंतर खाल्लं तर तसं होत नाही.

त्यातल्या विषाला सायक्लोपामाइन म्हणतात. ते करतं काय, हे १९९० च्या दशकाअखेर उलगडलं: पेशी हेजहॉगचा निरोप ऐकेनाशा होतात. गर्भात डोळ्यांचा पट्टा सुरुवातीला सलग एकच असतो. मधल्या रेषेवरून हेजहॉगचा निरोप येतो, "इथे डोळा नको", तेव्हा त्याचे दोन होतात. निरोप पोचला नाही की एकच. जनुकातच दोष असला तरी परिणाम तोच, उंदरांत ते १९९६ मध्ये दिसलं.

माझ्या केसमध्ये कारण वनस्पती होती की जनुक, ते शोधायला माझ्याकडे साधन नव्हतं. पण शेळी विकू दिली नाही. पुढच्या वेतात तिला दोन धडधाकट करडं झाली.

आणखी एक. ज्या विषाने कोकरांचे चेहरे बिघडले त्याच वाटेने त्वचेच्या एका कर्करोगावरचं औषध निघालं. त्या गाठींत हेजहॉगचा निरोप थांबतच नाही, तो थांबवायचा. २०१२ पासून ते वापरात आहे. गरोदर बाईला अर्थातच सक्त मनाई.

मिठबाव | ११ जानेवारी, सकाळी ९:४०

सगळं पटतंय. फक्त एक वेगळा विचार मांडतो, राग मानू नये. ग्रहण पाळल्याने नुकसान काय होतं? एक दिवस बाईला कामातून सुट्टी मिळते, सुरी-विळीपासून लांब राहते. जुन्या माणसांचं मन राखलं जातं. आमच्याकडे माझ्या बायकोने दोन्ही वेळा पाळलं आणि आनंदाने पाळलं.

टाक्यांची_खूण | ११ जानेवारी, सकाळी ११:२०

मिठबाव, तुमच्या घरात आनंदाने पाळलं हे चांगलंच आहे. नुकसान काय होतं, ते मी सांगू शकते.

मी वरचा ओठ दुभंगलेला घेऊन जन्मले. टाळूही. आमच्या गावात त्याला गरण लागलं म्हणतात. माझी आई त्या ग्रहणाच्या दिवशी चुलीपुढे सरपण फोडत होती, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं. माझं पहिलं ऑपरेशन चौथ्या महिन्यात झालं, टाळूचं दीड वर्षाची असताना, मग दातांचं, मग नाकाचं, शेवटचं अठराव्या वर्षी. प्रत्येक वेळी आई दवाखान्याच्या बाकावर बसून भिंतीकडे बघायची. मला वाटायचं ती माझ्यावर चिडलीये. ती स्वतःवर चिडलेली असायची. हे मला तिने ती साठीची झाल्यावर सांगितलं.

वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. दोन बाजूंनी येणारे उंचवटे मध्यावर येऊन एक होतात. कुठल्याशा जनुकातल्या फरकाने, कधी औषधाने, कधी अनेक लहान कारणं एकत्र आल्याने ते जुळणं राहतं. आईने सरपण फोडलं तेव्हा तिला सातवा महिना होता. मी चाळीस वर्षांची असताना हे वाचलं आणि तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर." पुढे काही बोलली नाही.

ग्रहण पाळणाऱ्या बाईचं मूल निरोगी निघालं की पुण्य ग्रहण पाळण्याला मिळतं, आणि पाळू न शकलेल्या बाईच्या मुलात काही निघालं की पाप तिच्या पदरात. नुकसान हे आहे. रानजाई, तुमच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा.

मिठबाव | ११ जानेवारी, दुपारी १२:०२

ताई, ही बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती. प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. घरी वाचून दाखवतो.

कातळसडा | ११ जानेवारी, दुपारी २:३०

मी रत्नागिरीकडे सर्पमित्र म्हणून काम करतो. रानजाईताईंनी सांगितलेलं ते बोटांचं बटण सापांतही आहे, ते सांगायला आलो.

अजगर पकडल्यावर त्याला उलटा करून बघा, शेपूट सुरू होते तिथे दोन बाजूंना दोन नखं दिसतात. नराची मोठी. मादीशी जुळताना तो ती वापरतो. लोकांना वाटतं काटा रुतलाय. ते त्याच्या मागच्या पायांचं उरलंसुरलं रूप आहे. नागाला, घोणसला तेवढंही नाही.

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेला शास्त्रज्ञांनी उंदरातलं हेच बटण काढून तिथे सापाचं बसवलं. त्या उंदरांना पायांच्या जागी नुसते खुंट आले. माणसाचं बटण बसवलं तर पाय नीट. माशाचं बसवलं तरी नीट! सापाच्या बटणात १७ अक्षरांचा एक तुकडा गळालेला होता. तो परत घालून अजगराचंच बटण बसवलं, तर उंदराला चारही पाय व्यवस्थित आले.

त्याच वर्षी फ्लोरिडातल्या संशोधकांना दिसलं की अजगराच्या गर्भात पायाचा कोंब निघतो, हेजहॉग चालू होतं आणि थोड्याच वेळात मावळतं. आता अजगराच्या त्या नखांवरून बोट फिरवताना माझा हात जरा थांबतो.

निवडुंग_७२ | ११ जानेवारी, दुपारी ३:१०

वाचनखूण साठवली. या धाग्यावर एकेक प्रतिसाद स्वतंत्र लेखासारखा आहे.

गोदाकाठ | ११ जानेवारी, दुपारी ४:४५

आमच्याकडे असं बोट असलं की सुईण घोड्याचा केस किंवा रेशमी दोरा घट्ट बांधायची. आठ-दहा दिवसांत वाळून पडायचं. माझ्या चुलत्याचं तसंच पाडलं. ऑपरेशनपेक्षा ते सोपं नाही का?

बालवैद्य_मुक्ता | ११ जानेवारी, रात्री ८:३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि जनुकीय समुपदेशनाचं काम करते. गोदाकाठ, कृपा करून दोरा बांधू नका. करंगळीकडे नुसत्या कातड्याच्या देठावर लोंबणारं, हाड नसलेलं बोट असेल तरी घरी बांधण्याने रक्तस्राव होऊ शकतो, जखम चिघळू शकते, आणि तिथे मागे दुखरी गाठ राहते. तुमच्या चुलत्यांना त्या जागी हात लागला की कळ येते का, विचारून बघा.

रानजाईंच्या भाचीचा प्रकार अंगठ्याच्या बाजूचा आहे. तिथे सहसा हाड आणि सांधा असतो. आधी एक्स-रे. शस्त्रक्रिया बहुतेकदा वर्षाच्या आसपास करतात, चिमटीत वस्तू धरायची सवय पक्की होण्याआधी. आणि ते नुसतं 'जास्तीचं कापणं' नसतं. दोन अंगठ्यांत स्नायू आणि बंध वाटले गेलेले असतात. जो अंगठा ठेवायचा त्याला ते पुन्हा जोडून द्यावे लागतात, नाहीतर तो वाढताना वाकडा होतो. म्हणून हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडेच जा. दरम्यान हृदय आणि मूत्रपिंडं एकदा तपासून घ्या. बहुतेक मुलांत बोटाशिवाय काहीही निघत नाही, पण काही थोड्या आजारांत जादा बोट ही पहिली खूण असते. मास्तरांनी ज्या हॉक्स जनुकांची ओळ सांगितली तिच्यातल्या एकात बिघाड झाला तर मधलं आणि अनामिका जुळून त्यांच्यामध्ये जादा बोट येतं. तो निराळा प्रकार. कुठल्या बाजूला बोट आलंय यावरून आम्ही कुठल्या जनुकाकडे आधी बघायचं ते ठरवतो.

टाक्यांची_खूण यांनी औषधांचा उल्लेख केला तो महत्त्वाचा आहे. ग्रहणाने काही होत नाही याचा अर्थ गरोदरपणात कशानेच काही होत नाही, असा घेऊ नका. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलं, गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं खुरटलेल्या हातापायांची जन्मली. गर्भाच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात घेतलेली एखादी गोळीही पुरे होती. ते औषध हातापायांच्या घडणीला लागणारं एक प्रथिन नष्ट करतं, हे २०१८ मध्ये कळलं. त्याच प्रथिनाच्या जनुकात जन्मतः दोष असलेल्यांचे हात थॅलिडोमाइडच्या मुलांसारखेच दिसतात. औषध आणि जनुक, एकाच दारातून आत येतात.

आजच्या काळात मला जास्त काळजी वाटते ती मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनची, फिट्सवरच्या काही औषधांची, ताब्यात नसलेल्या मधुमेहाची आणि दारूची. फिट्सची गोळी मात्र मनाने बंद करू नका, दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोला. आणि फोलिक ॲसिड. मणक्याची नळी २८ व्या दिवशी मिटते, बऱ्याच बायकांना तेव्हा दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम, मूल हवं असं ठरवल्यापासूनच. एवढं धाग्यावरच्या प्रत्येकाने घरात सांगा.

रानजाई, एक विनंती. घरातल्या सगळ्यांचे अंगठे बघा. तुम्ही लिहिलेलं बटण बदललं असेल तर प्रत्येकाला जादा बोट येतंच असं नाही. कुणाचा अंगठा नुसता लांब, बोटासारखा असतो, दोनाऐवजी तीन पेरांचा. घरच्यांना सवयीने ते जाणवतही नाही. आणि काही सापडलं तर सांगताना जपून. दोष एका बाईच्या डोक्यावरून काढून दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवायचा नाहीये.

रानजाई | ११ जानेवारी, रात्री १०:४०

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून मी पंधरा मिनिटं नुसती बसून होते.

आईचा डावा अंगठा लांब आहे. आम्ही लहानपणापासून बघतोय. शर्टाचं बटण लावताना ती तर्जनी आणि मधलं बोट वापरते, अंगठा नाही. 'आईची पद्धत' म्हणून आम्ही सोडून दिलेलं. आज ती झोपल्यावर मी टॉर्च घेऊन तिचा हात बघितला. पेरं तीन आहेत.

हे तिला कसं सांगू?

सदाशिव_मास्तर | ११ जानेवारी, रात्री ११:०५

ताई, सकाळी सांगा. तिच्या शेजारी बसून सांगा आणि आधी तुमचा स्वतःचा हात तिच्या हातात द्या.

टाक्यांची_खूण | ११ जानेवारी, रात्री ११:१८

आणि वहिनी समोर असू द्या.

रानजाई | १८ जानेवारी, रात्री ९:१५

उशीर झाला, क्षमस्व. आठवडा दवाखान्यांत गेला.

रविवारी रात्री सुचवलंत तसं सोमवारी सकाळी सांगितलं. वहिनी बाळाला घेऊन समोर बसली होती. मी कॅलेंडर काढलं, मार्च, एप्रिल, मे, बोट ठेवून दाखवलं. मग आईला म्हटलं, तुझा अंगठा दाखव. ती बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या अण्णाला सहा होती."

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ, मी जन्मायच्या आधीच गेला. आम्हाला कुणाला हे ठाऊक नव्हतं. आजीने दोरा बांधून ते पाडलं होतं आणि घरात त्याचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं. मी विचारलं, का? तर म्हणाली, "माझ्या आईने गरणात सुपारी कातरली होती म्हणे. तिची सासू मरेपर्यंत बोलत होती."

हे तिने सांगितलं आणि गप्प झाली. वहिनी उठली आणि तिने बाळ आईच्या मांडीवर दिलं. त्या दिवशी आणखी काही बोलणं झालं नाही.

दादाचा अंगठा दिसायला अगदी साधा. बुधवारी त्याचाही एक्स-रे काढला. दोन पेरांच्या मध्ये पाचरीसारखं एक छोटं जादा हाड आहे. त्याला स्वतःला पस्तीस वर्षांत पत्ता नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं की असं असेल तर पुढच्या प्रत्येक अपत्यात ते उतरायची शक्यता निम्मी. बाळाचं हृदय आणि मूत्रपिंडं नीट आहेत. शस्त्रक्रिया डिसेंबरच्या सुमारास ठरेल. आई, दादा आणि बाळ, तिघांचं रक्त तपासायला गेलंय. अहवाल आला की कळवते.

बालवैद्य_मुक्ता | १८ जानेवारी, रात्री ९:४०

हे वाचून फार बरं वाटलं. अहवालात बटणातला बदल सापडला नाही तरी गोंधळू नका. दुसरी जनुकंही आहेत आणि शोध पुढे नेता येतो. तीन पिढ्यांचा नकाशा तुम्ही स्वतः काढलात, तो कागद जपून ठेवा. सर्जनना दाखवा.

सोनकी | १८ जानेवारी, रात्री ९:५२

बाळाचं नाव काय ठेवलंत?

रानजाई | १८ जानेवारी, रात्री १०:०५

मुक्ताताई, हो, नकाशा दादाच्या फाइलला लावला. सोनकी, नाव ईरा.

टाक्यांची_खूण, वहिनी हा धागा वाचते. तिने तुम्हाला विचारायला सांगितलंय, तुमच्या आईंशी फोनवर बोलता येईल का.

टाक्यांची_खूण | १८ जानेवारी, रात्री १०:११

व्यक्तिगत निरोप केलाय. आई संध्याकाळी सहानंतर घरी असते.